मुगानंतरची करडई: काळ्या जमिनीत ओलीवर पीक कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यात तापीकाठची चार एकर भारी काळी जमीन, खरिपात मूग. विहिरीचं पाणी डिसेंबरपर्यंतच टिकतं. हरभरा पेरला तर रानडुकरं आणि नीलगायी काही ठेवत नाहीत, दादर (रब्बी ज्वारी) पेरली तर कापणी-खुडणीला मजूर मिळत नाहीत. म्हणून यंदा करडईचा विचार आहे. पण गेल्या रब्बीत शेजारच्या दोन शेतांतली करडई गेली. एकाची माव्याने काळी पडली, दुसऱ्याची पाणी दिल्यावर आठ-दहा दिवसांत उभी वाळली. तर करडई करावी का, कोणती करावी, काट्यांचं काय करायचं आणि फुलांच्या पाकळ्या विकल्या जातात हे खरं का?

भाऊ, तुमच्या जमिनीला आणि तुमच्या पाण्याला करडईइतकं जुळणारं दुसरं रब्बी पीक नाही. शेजारच्या दोन्ही शेतांत जे झालं त्याची कारणं ठरलेली आहेत. मावा काळा पडेपर्यंत चढला म्हणजे बहुतेक पेर उशिरा झाली. पाणी दिल्यावर झाडं वाळली म्हणजे बहुतेक जमिनीला भेगा पडल्यावर पाणी सोडलं. पेरणीची वेळ आणि पाण्याची वेळ या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं पीक बऱ्यापैकी स्वतःचं स्वतः येतं. खतात, फवारणीत किंवा वाणात कितीही खर्च केला तरी चुकलेली वेळ भरून निघत नाही.

जमीन आणि ओल

करडई सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातली. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं, जमीन खोल असेल तर दोन मीटरच्याही पुढे. पावसाळ्यात मुरलेलं जे पाणी हरभऱ्याच्या मुळांना लागत नाही ते करडई उचलते. म्हणूनच जमीन खोल हवी. किमान दोन फूट काळी माती असावी, तीन-चार फूट असेल तर उत्तम. दोन फुटांच्या आत मुरूम लागत असेल तर त्या तुकड्यात करडई पेरू नका. झाडं गुडघ्याएवढी राहतात, बोंडं बारीक येतात. शेतात तीन-चार ठिकाणी खड्डा घेऊन बघा. एकाच गटात एका बांधाला चार फूट माती आणि दुसऱ्या बांधाला दीड फूट, असं आपल्याकडे सर्रास असतं.

तापीकाठी काही शेतं चोपण, म्हणजे खारवट आणि पाणी न मुरणारी असतात. करडई थोडाफार खार सहन करते, हरभऱ्यापेक्षा नक्कीच जास्त. पण चोपणात पाणी साचून राहतं, आणि साचलेलं पाणी करडईला अजिबात चालत नाही. अशा तुकड्यात उताराला चर काढून पाण्याला वाट द्या, नाहीतर तो तुकडा सोडा.

मूग ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला निघतो. तिथून पेरणीपर्यंतचे तीन-चार आठवडे फार महत्त्वाचे. या काळात नांगर घालायचा नाही. नांगरलं की खालची ओल वर येऊन उडून जाते आणि ढेकळं निघतात. मुगाचं काड आवरून एक उथळ वखरणी करा, पाऊस झाला तर वाफसा (मशागत करता येईल इतपत ओल) आल्यावर दुसरी. वखराने तण मरतं आणि वर भुसभुशीत थर तयार होतो, तो ओल झाकून ठेवतो. शेताला उतार असेल तर पहिल्या वखरणीनंतर लहान वाफे पाडून ठेवा, म्हणजे परतीचा पाऊस शेतातच जिरतो. पेरणीआधी वखर फिरवून ते मोडायचे.

पेरणी कधी

कोरडवाहू करडईची पेर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. नक्षत्रावर सांगायचं तर उत्तराचा शेवट आणि हस्त. हत्तीचा, म्हणजे हस्ताचा पाऊस जोराचा लागला तर वाफसा येईपर्यंत थांबावंच लागतं, तेव्हा चार-आठ दिवस इकडे-तिकडे होतात. एक-दोन पाणी द्यायची सोय असेल तर चित्रा संपेपर्यंत म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पेरता येतं. त्यापुढे नाही. कापूस काढून डिसेंबरात करडई पेरायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा.

उशिराने नुकसान का होतं हे समजून घ्या. करडईचा मावा साधारण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, त्यातही आभाळ आलं की भराभर वाढतो, आणि त्याला लागतो कोवळा, रसरशीत शेंडा. सप्टेंबरअखेर पेरलेलं पीक तोवर फांद्या फोडून खोडाला कठीण झालेलं असतं. ऑक्टोबरअखेर पेरलेलं पीक नेमकं तेव्हा कोवळं असतं. दुसरं म्हणजे ओल. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर रोज सुकत जातो, मूळ खाली पोचायच्या आत ओल खाली सरकते. तिसरं, फुलं आणि दाणे भरायची वेळ फेब्रुवारीच्या शेवटच्या तापात जाते आणि दाणा पोचट राहतो.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फार लवकर पेरणंही बरोबर नाही. तेव्हा पाऊस चालू असतो, जमीन चिंब असते. रोपं मुळाशी सडतात, पानांवर करपा येतो.

वाण आणि बियाणं

काटेरी वाणांमध्ये भीमा जुना आणि खात्रीचा, कोरडवाहूला आजही चालतो. फुले कुसुमा म्हणजे जेएलएसएफ-414 आणि सोलापूरचा एसएसएफ-708 हे कोरडवाहूलाही आणि एक-दोन पाण्यालाही चांगले. परभणी विद्यापीठाचा पीबीएनएस-12, म्हणजे परभणी कुसुम, भारी जमिनीत चांगला येतो. बिनकाटेरीमध्ये फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा नारी-6 आणि परभणीचा पीबीएनएस-40.

तुमच्याकडे रानडुकरं आणि नीलगायींचा त्रास आहे, म्हणून तुम्ही काटेरीच घ्या. बिनकाटेरी हाताळायला सोपी, पाकळ्या गोळा करायला सोपी, पण जनावरांपासून राखण करावी लागते. मग हरभरा सोडून काय मिळवलं? ज्यांच्या शिवारात जनावरांचा त्रास नाही आणि ज्यांना पाकळ्या विकायच्या आहेत त्यांनी बिनकाटेरीचा विचार करावा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. काटेरी वाणालाही पहिला महिना-सव्वा महिना काटे नसतात, पानं जमिनीलगत कोवळी असतात. त्या काळात नीलगायी चरतातच. तेवढे दिवस राखण करावी लागेल.

बियाणं एकरी 4 ते 5 किलो. हा आकडा कुठून येतो ते बघा. ओळीत 45 सेंमी आणि झाडांत 20 सेंमी अंतर ठेवलं तर एकरात साधारण 45 हजार झाडं बसतात. मध्यम आकाराच्या 100 दाण्यांचं वजन 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 4 किलोत 80 हजार दाणे. काही उगवत नाहीत, काही किडी खातात, उरलेली विरळणीत काढायची. पातळ होईल या भीतीने 8-10 किलो टाकलं तर विरळणीची मजुरी वाढते, आणि विरळणी राहिली तर प्रत्येक झाड एकाच दांड्याचं, दोन-तीन बोंडांचं होतं. करडईचं उत्पन्न फांद्यांवर असतं, झाडांच्या गर्दीवर नाही.

बीजप्रक्रिया चुकवू नका, कारण मर रोगाची बुरशी बियाण्यातूनही येते आणि जमिनीतूनही. किलोला 3 ग्रॅम थायरम चोळा. जैविक पद्धत हवी असेल तर थायरमऐवजी ट्रायकोडर्मा किलोला 10 ग्रॅमपर्यंत वापरा. त्यानंतर ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला 25 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने लावा. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, हा क्रम उलटा करू नका. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

पेर 5 ते 7 सेंमी खोल, दाणा ओलीत पडला पाहिजे. पेरायच्या आधी तेवढ्या खोलीवरची माती मुठीत दाबून बघा. गोळा होत असेल आणि हलकं दाबल्यावर फुटत असेल तर वाफसा बरोबर आहे. गोळा होतच नसेल तर ओल कमी आहे. अशा वेळी बी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वरचं पाणी सुकवून, मग बीजप्रक्रिया करून पेरलं तर उगवण सुधारते. पेरल्यावर पाभरीमागे (पेरणीच्या अवजारामागे) रासणी करून तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी बुजवा, उघडी तासं दोन दिवसांत सुकतात.

खत

कोरडवाहू करडईला हेक्टरी 50 किलो नत्र आणि 25 किलो स्फुरद, म्हणजे एकरी 20 आणि 10. पिशव्यांत सांगायचं तर एकरी साधारण 43 किलो युरिया आणि 62 किलो सिंगल सुपर फॉस्फेट. डीएपी वापरणार असाल तर 22 किलो डीएपी आणि 35 किलो युरिया पुरतो. पण तेलबियांना गंधक लागतं आणि ते सुपर फॉस्फेटमध्ये आहे, डीएपीत नाही. म्हणून सुपर फॉस्फेटच घ्या.

सगळं खत पेरणीबरोबरच दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पेरायचं. वर फेकून उपयोग नाही. वरचा थर महिन्याभरात कोरडा होतो आणि कोरड्या मातीतलं खत मुळाला मिळत नाही. पाणी देणार असाल तर निम्मा युरिया पेरणीला आणि निम्मा पहिल्या पाण्याच्या वेळी.

पहिले 40 दिवस

करडई उगवते आठवडाभरात, पण नंतर तीन-चार आठवडे वाढतच नाही असं वाटतं. पानं जमिनीवर गोल पसरून बसतात. घाबरू नका, त्या काळात मूळ खाली उतरत असतं. मात्र याच काळात तण वर जातं आणि करडईला झाकून टाकतं. म्हणून या 40 दिवसांत शेत स्वच्छ ठेवायचं.

विरळणी 10 ते 15 दिवसांनी, ओल असताना. एका जागी एकच जोमदार रोप ठेवा, रोपात वीतभर अंतर. उपटलेल्या रोपांची भाजी होते. मुगाची डाळ आणि लसूण घालून केलेली करडईची भाजी घराघरांत आवडीने खातात, बाजारातही जुड्या विकल्या जातात. त्यातून विरळणीच्या मजुरीचा काही भाग निघतो. बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असेल किंवा फवारणी झालेली असेल तर मात्र ती भाजी खाऊही नका, विकूही नका.

पहिली कोळपणी 20-25 दिवसांनी, दुसरी 35-40 दिवसांनी, आणि ओळीतलं तण काढायला मध्ये एक निंदणी. दुसरी कोळपणी तणासाठी जितकी, तितकीच भेगा बुजवण्यासाठी. आपल्या काळ्या जमिनीतली ओल भेगांवाटे जाते. कोळप्याने वरची माती मोकळी झाली की भेगा भरतात. पन्नासाव्या दिवसानंतर काटे टणक होतात आणि बैलही आत जायला राजी नसतात, म्हणून कोळपणी त्याआधीच उरकायची.

पाणी

ओल चांगली असेल आणि जमीन चार फुटी असेल तर पाणी न देताही पीक येतं. पाणी असेल तर दोन हलकी पाणी पुरतात: पहिलं 30 ते 35 दिवसांनी, पानांच्या गोलातून खोड वर सरकायला लागतं तेव्हा, आणि दुसरं 55 ते 60 दिवसांनी, फांद्या फुटून बोंडं धरायच्या सुमाराला. एकच पाणी असेल तर तारखेपेक्षा मातीकडे बघा. केसासारख्या बारीक रेषा दिसू लागल्या की लगेच द्या. भेगेत करंगळी जायला लागली तर पाणी देऊ नका.

शेजारच्या शेतात झालं ते हेच. भेगा पडेपर्यंत झाडाने ताण सोसलेला असतो, बारीक मुळं तुटलेली असतात. पाटाने सोडलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं, काळी माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी मुळांभोवती कोंडतं. मुळांना हवा मिळत नाही. तुटलेल्या मुळांतून बुरशी शिरते. पाचव्या-सहाव्या दिवशी झाडं माना टाकतात, दहाव्या दिवशी वाळलेली. अशा वेळी लोक पाणी कमी पडलं समजून पुन्हा पाणी देतात आणि उरलेलीही घालवतात.

पाट-पाण्यापेक्षा एक आड एक सरीने दिलेलं पाणी चांगलं. तुमच्याकडे तुषार संच असेल तर पहिल्या पाण्याला तो सर्वांत उत्तम, तीन-चार तास पुरे. पण फुलं लागल्यावर तुषार चालवू नका. परागकण धुतले जातात, बोंडात पाणी साचून कूज आणि करपा येतो. फुलोरा सुरू झाल्यावर भारी जमिनीत पाणी द्यायची गरजही नसते.

मावा

या पिकाची मुख्य कीड एकच, आणि तिच्यासाठी शेतात जावं लागतं. पेरणीनंतर 40 दिवसांपासून आठवड्यातून दोनदा जा. मावा बहुतेक वेळा बांधाकडच्या ओळींपासून सुरू होतो. शेंडा हळूच वाकवून कोवळ्या पानांची खालची बाजू आणि देठाची खाच बघा. सुरुवातीला खसखशीएवढे काळे ठिपके चिकटलेले दिसतात, मध्ये एखादा पंखवाला. चार-सहा दिवसांत तोच शेंडा काळ्या किड्यांनी भरतो, खालच्या पानांवर चिकटा चमकतो, मग त्यावर काजळी चढते. काजळी चढली की पान अन्न तयार करत नाही. काळं पडलेलं शेत दिसतं ती ही शेवटची पायरी. तेव्हा फवारून मावा मरतो, पण पीक परत येत नाही.

म्हणून पायरीने जा. फक्त बांधाच्या ओळींवर मावा असेल तर तेवढ्याच चार-सहा ओळी 5 टक्के निंबोळी अर्काने फवारा. अर्क घरी करा: 5 किलो निंबोळीचा भरडा 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळायचा, 200 ग्रॅम साबण 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचा, आणि एकूण पाणी 100 लिटर करायचं. त्याच दिवशी वापरा, शिळा अर्क काम करत नाही.

ढालकिडे आणि त्यांच्या काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या शेतात भरपूर दिसत असतील तर दोन-तीन दिवस वाट बघा. त्या मावाच खातात, आणि अनेकदा काम तिथेच भागतं. शेतात फिरून 100 झाडं मोजली आणि 30 झाडांवर मावा सापडला तर मात्र थांबू नका. डायमेथोएट 30 टक्के प्रवाही 10 लिटर पाण्याला 13 मिली, फवारा शेंड्यावर आणि पानाखाली. गरज पडली तर पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी. औषध घेताना लेबलवरची सूचना आणि विद्यापीठाची त्या वर्षीची शिफारस बघा, कारण शिफारशी बदलत असतात.

फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. करडईवर मधमाश्या मोठ्या संख्येने येतात आणि दाणे भरण्याला त्यांची मोठी मदत होते. अगदीच वेळ आली तर सूर्य मावळायच्या सुमाराला, माश्या परत गेल्यावर. जवळपास कुणाच्या मधपेट्या असतील तर त्यांना आदल्या दिवशी कळवा.

मर आणि करपा

मर ओळखायची खूण साधी आहे. खालची पानं पिवळी पडतात, कित्येकदा झाडाच्या एकाच बाजूची, आणि मग ती बाजू वाळते. असं झाड उपटून खोड उभं चिरा. आतल्या पांढऱ्या गाभ्याच्या कडेने तपकिरी रेघ वर गेलेली दिसली तर ती मर. रेघ नसेल आणि मुळांची साल काळी होऊन सुटत असेल तर साचलेल्या पाण्याने झालेली मूळकूज. दोन्हींवर उभ्या पिकात औषध ओतून फारसं काही हाती लागत नाही. दुकानदार ड्रेंचिंग सांगेल, तो खर्च करू नका. मर झालेली झाडं उपटून जाळा, आणि त्या शेतात तीन-चार वर्षं पुन्हा करडई घेऊ नका. चार एकरांत दरवर्षी करडईची जागा फिरती ठेवणं हा त्यावर चांगला उपाय.

करपा ढगाळ, दमट हवेत येतो. पानावर तपकिरी गोल ठिपके, आत वर्तुळावर वर्तुळ, पुढे भोकं पडतात. परतीचा पाऊस लांबला तर मॅन्कोझेब 10 लिटरला 25 ग्रॅम फवारा. बोंडं पोखरणारी हिरवी अळी हरभऱ्यावरचीच. शेजारी हरभरा असेल तर ती इकडे येते. एकरी 10-15 पक्षीथांबे लावले तर बहुतेक वेळा ती आटोक्यात राहते.

पाकळ्या

पाकळ्या विकल्या जातात हे खरं आहे. त्या आयुर्वेदिक चहात आणि नैसर्गिक रंगात जातात. पण आधी खरेदीदार ठरवा, मगच तोडा. परागीभवन झाल्यावर पाकळ्या मलूल होऊन नारिंगी-लाल व्हायला लागतात, तेव्हा त्या काढल्या तर दाण्याचं काही बिघडत नाही. ताज्या पिवळ्या पाकळ्या ओढल्या तर दाणा पोचट राहतो. सावलीत सुकवायच्या, उन्हात रंग जातो. काटेरी वाणात हे काम फार हळू होतं आणि मजुरीच पाकळ्यांपेक्षा महाग पडते. तुम्ही काटेरी पेरणार, तेव्हा पाकळ्यांचा हिशोब उत्पन्नात धरू नका. आणि वाळलेल्या पाकळ्या केशर म्हणून खपवायला सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती भेसळ आहे आणि गुन्हा आहे.

काढणी

130 ते 135 दिवसांत, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पीक तयार होतं. पानं आणि बोंडावरची पानं तपकिरी होतात. बोंड जाड कापडात धरून चोळलं की पांढरे टणक दाणे मोकळे होतात. करडई गव्हासारखी लोळत नाही आणि बोंडातून सहज गळतही नाही, म्हणून चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी घात होत नाही. पण अवकाळी पाऊस आला तर बोंडातच दाणे काळे पडतात किंवा उगवतात, म्हणून फार लांबवूही नका.

हाताने कापणार असाल तर पहाटे ते सकाळी आठ-नऊ. दवाने काटे मऊ पडतात आणि दाणाही कमी सांडतो. मजुरांना कातडी हातमोजे द्या, पायाला आणि मांड्यांना पोत्याचं कापड बांधा. झाडं बोंडं आतल्या बाजूला ठेवून रचा, वर दगड ठेवा, म्हणजे वाऱ्याने उडत नाहीत. चार-पाच दिवस सुकवून ट्रॅक्टरखाली किंवा मळणीयंत्रात काढा. मळणीयंत्राचे फेरे गव्हापेक्षा कमी ठेवा, नाहीतर दाणा फुटतो, आणि फुटलेल्या दाण्याचं तेल लवकर खवट होतं.

तुमच्यासारख्या मजूर न मिळणाऱ्यांनी थेट हार्वेस्टरचाच विचार करावा. गव्हा-हरभऱ्यासाठी येणारा हार्वेस्टर करडई चांगली काढतो, कारण पीक ताठ उभं असतं. फक्त तो दुपारच्या कोरड्या हवेत चालवायचा. दवात बोंडं नीट फुटत नाहीत. आणखी एक सावधगिरी: बोंडांतली पांढरी लव उडून रेडिएटरच्या जाळीवर आणि इंजिनाभोवती बसते. इंजिन तापतं, ठिणगी पडली तर आग लागते. दर तासा-दीड तासाने यंत्र थांबवून जाळी झाडायला चालकाला आधीच सांगून ठेवा. मळणीजवळ उभं राहणाऱ्यांनी तोंडाला रुमाल आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय थांबू नये.

दाणा 8 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवूनच पोत्यात भरा. दाताखाली कडकन फुटला पाहिजे.

उतारा आणि विक्री

खोल जमिनीत, वेळेवर पेरलेली कोरडवाहू करडई एकरी 4 ते 5 क्विंटल देते. दोन पाणी वेळेवर मिळाली तर 6 ते 8. उशिरा पेरलेली, मावा आलेली दोन क्विंटललाही रडते. केंद्र सरकारचा हमीभाव 2025-26 च्या रब्बी हंगामासाठी क्विंटलला 5,940 रुपये होता, 2026-27 साठी 6,540 रुपये जाहीर झाला. पण आपल्याकडच्या बाजार समित्यांत करडईची आवक थोडी असते, त्यामुळे व्यापारी भाव पाडून मागतात. पेरणीआधीच जवळपासच्या दोन-तीन लाकडी घाण्यांशी बोलून ठेवा. घाणेवाल्यांना स्वच्छ, न भिजलेला, एकाच वाणाचा माल हवा असतो. स्वतः तेल काढून विकायचं असेल तर लक्षात ठेवा: जुन्या काटेरी वाणांत तेल 28 ते 30 टक्के असतं आणि घाण्यावर ते सगळं निघत नाही, काही पेंडीत राहतं. ती पेंड मोठ्या जनावरांना थोड्या प्रमाणात चालते. टरफलासकट असल्याने वासरांना देऊ नका.

चार एकरांची मांडणी

चारही एकर पहिल्याच वर्षी करडईखाली घेऊ नका. सर्वांत खोल जमिनीच्या दोन एकरांत सलग करडई घ्या. तिसऱ्या एकरात हरभऱ्याच्या सहा ओळी आणि करडईच्या तीन, असा पट्टा पेरा. हरभरा करडईच्या आधी निघतो, तेव्हा काटेरी पट्ट्यांमधून मजुरांना वावरायला जागा राहील अशा बेताने ओळी लावा. चौथ्या एकरात हरभरा किंवा दादर घेणार असाल तर चारही बाजूंनी काटेरी करडईच्या पाच-सहा ओळी दाट पेरा. मोकाट गुरं त्यातून आत शिरत नाहीत, रानडुकरंही बिचकतात. मात्र ही किनार आतल्या पिकाच्या आठ-दहा दिवस आधी पेरलेली असली पाहिजे.

करडई जमिनीच्या खालच्या थरातली ओल संपवून जाते. पुढच्या खरिपात त्या दोन एकरांत तूर किंवा लांब मुदतीचा कापूस घेऊ नका. पाऊस उशिरा आला तर त्या पिकांना खाली काहीच सापडत नाही. तिथे पुन्हा मूग किंवा उडीद घ्या, आणि करडई बाजूच्या दोन एकरांत न्या.

आता करायची कामं तीन: खड्डे घेऊन मातीची खोली बघा, बियाणं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात येईल असं सांगून ठेवा, आणि मूग निघाला की त्याच आठवड्यात वखर घाला.